स्वयंपाकघराची भिंत पाडण्याआधी

पुण्या-मुंबईत पंचवीस-तीस वर्षांचा जुना फ्लॅट कुणी विकत घेतला की पहिला हातोडा कुठे पडणार, हे इंटिरियरवाल्याला न विचारताही सांगता येतं. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्या मधली भिंत. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात ओटा, फ्रिज, पिंप, मिक्सर आणि दोन माणसं एका वेळी मावत नाहीत. पलीकडे जेवणाचं टेबल भर दुपारी दिवा लावून बसतं, कारण खिडकी स्वयंपाकघराच्या वाट्याला आलेली असते. भिंत गेली तर उजेड येईल, वारा खेळेल, पोळ्या लाटणाऱ्या माणसाला बाहेरच्या गप्पा ऐकू येतील. हे सगळं खरं आहे. कंत्राटदार म्हणतो, "एका दिवसाचं काम आहे साहेब," तेही खरं आहे. पाडायला एकच दिवस लागतो.

फक्त ती भिंत इतकी वर्षं तिथे उभी राहून काय काय करत होती, हे त्या एका दिवसाआधी कुणीतरी पाहायला हवं. वजन पेलणं हे तिच्या कामांपैकी एक. धूर अडवणं, माळा धरून ठेवणं, वायरी आणि पाणी पोटातून नेणं, जमीन हलली तर इमारतीला आडवा आधार देणं ही बाकीची. लोक पहिल्या कामाबद्दल तरी विचारतात. बाकीची कामं भिंत गेल्यावर लक्षात येतात.

मुळात ही भिंत आली कुठून? कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागे असे, परसाच्या बाजूला, विहिरीच्या आणि मोरीच्या जवळ. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे चूल. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई आणि जाताना वाशांना काजळी चढवी. पंगत माजघरात किंवा पडवीत बसे. सोवळ्याचा स्वयंपाक, बाहेरून येणाऱ्यांची ये-जा, बायकांनी कुठवर पुढे यायचं याचे नियम, हे सगळं त्या मधल्या भिंतीत चिणलेलं होतं. धूर हे कारण होतंच, पण ते एकमेव कारण होतं असं म्हणणं म्हणजे आपल्या आज्यांना फसवणं.

गंमत अशी, की त्याच काळात मुंबईच्या चाळीत ही भिंत नव्हतीच. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथेच चूल किंवा स्टोव्ह, तिथेच ताटं, तिथेच रात्री अंथरुणं. आज मासिकांत 'ओपन किचन' म्हणून जे चकचकीत छापतात, ते नायगाव-वरळीच्या गिरणी कामगारांनी नाइलाजानं जन्मभर वापरलं.

युरोपात याच दशकात उलटा प्रयोग झाला. फ्रँकफर्टमधल्या नव्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या मुदपाकखान्यासारखं, जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. प्रत्येक हालचाल मोजून कपाटं, सिंक आणि शेगडी यांच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली, आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथेच सांगतात. या बाईंनी स्वयंपाकघर भिंतीनं वेगळं केलं खरं, पण त्या भिंतीत सरकतं दार ठेवलं. शेगडीपासून पलीकडचं टेबल चार पावलांवर, आणि दार सरकवलं की खेळणारं मूल दिसणार. दहा वर्षांनी अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटनं मॅडिसन गावात जेकब्ज कुटुंबाच्या घरात, १९३७ साली, स्वयंपाकाची जागा जेवणाच्या जागेला सरळ मोकळी जोडून टाकली. घरात नोकर नाही, गृहिणीच स्वयंपाकीण आणि यजमानीण, तेव्हा तिला कोंडायचं कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब. या दोघांत मला फ्रँकफर्टचं सरकतं दार जास्त शहाणं वाटतं. का, ते पुढे धुराच्या वेळी येईलच.

आता आपल्या फ्लॅटकडे येऊ. इमारती ढोबळमानानं तीन प्रकारच्या असतात, आणि भिंतीचं भवितव्य त्यावर ठरतं.

जुन्या तीन-चार मजली इमारती, विशेषतः पुण्यातल्या पेठांच्या आसपासच्या आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या, बऱ्याचदा लोड-बेअरिंग असतात. त्यांत कॉलम नसतात. स्लॅब थेट नऊ इंची विटांच्या भिंतींवर टेकलेला असतो आणि वरच्या मजल्यांचं सगळं वजन भिंतीभिंतींतून खाली पायापर्यंत उतरतं. दुसरा प्रकार आर.सी.सी. फ्रेमचा. यात बीम आणि कॉलमचा सांगाडा वजन घेतो, आणि मधल्या भिंती म्हणजे नुसती भरणी: चार-साडेचार इंची विटांची पडदी, किंवा हल्ली हलके ब्लॉक, ज्यांना पुण्यात सरसकट सिपोरेक्स म्हणतात. तिसरा प्रकार गेल्या वीसेक वर्षांतला, मायवानचा. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. इथे जवळजवळ प्रत्येक भिंत इमारतीचा सांगाडाच असते. दिसायला ती साधी पाच-सहा इंची असते, पण आत सळयांची जाळी असते.

ओळखायचं कसं? भिंतीवर टकटक करून नाही. पोकळ आवाज आला म्हणजे गिलावा सुटलाय, एवढंच कळतं. आधी दाराच्या चौकटीपाशी टेप लावा. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट भिंत सहा इंचांच्या आसपास भरली तर बहुधा पडदी, दहा-अकरा इंच भरली तर नऊ इंची. मग छताकडे पाहा. भिंतीच्या डोक्यावर तिच्यापेक्षा जाड बीम तिच्याच रेषेत धावतोय आणि दोन्ही टोकांना कॉलमचे कोपरे बाहेर आलेत, तर भिंत भरणीची असण्याची शक्यता मोठी. उलट, एखादा बीम आडवा येऊन भिंतीच्या डोक्यावर टेकलेला दिसला तर तिथेच थांबा. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन त्यांची भिंत त्याच जागी आहे का, हेही पाहता येतं. यातलं काहीही पुरावा नव्हे. फ्रेमच्या इमारतीत नऊ इंची भिंती असतात, आणि जुन्या बांधकामात एखादी साडेचार इंची पडदी मुकाट जिन्याची कड धरून उभी असते. पुरावा म्हणजे इमारतीचं आर.सी.सी. ड्रॉइंग आणि ते वाचू शकणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. महापालिकेचा मंजूर नकाशा खोल्या दाखवतो, सळया दाखवत नाही.

समजा, घर लोड-बेअरिंग इमारतीत तळमजल्यावर आहे, वर दोन मजले आहेत, आणि तुम्हाला मधल्या नऊ इंची भिंतीत आठ फूट रुंद मोकळी जागा हवी आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर रुंदीच्या खोल्या, आणि त्यांचे स्लॅब याच भिंतीवर टेकलेले. पाच इंची स्लॅब, फरशी आणि माणसं-सामान मिळून चौरस मीटरला साधारण सहाशे किलो धरायचे. दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा भाग या भिंतीकडे येतो, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला एका स्लॅबचे अठराशे किलो. असे स्लॅब तीन. वरच्या दोन मजल्यांच्या नऊ इंची भिंती, दर मीटरला प्रत्येकी चौदाशे किलोंच्या घरात. बेरीज आठ हजार दोनशे किलो. आठ फुटांना, म्हणजे २.४ मीटरला गुणलं की जवळजवळ वीस टन.

हे वीस टन आज सबंध भिंतीवर सारखे पसरलेले आहेत. मोकळी जागा करून वर गर्डर टाकला की तेच वजन त्याच्या दोन टोकांवर येतं, दहा-दहा टन. गर्डर विटांवर वीतभर, वीस सेंटिमीटर टेकवला, तर टेकण्याची जागा २३ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला बावीस किलोंच्या आसपास दाब. साध्या वीटकामाला पाच ते दहा किलोंच्या वर दाब देऊ नये. म्हणून गर्डर कितीही दणकट घेतला तरी त्याच्या टोकाखालची वीट चिरडेल. उपाय सोपा आहे, पण तो करावा लागतो: टोकाखाली दोन फूट लांबीचा काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. वाळूत काठी रुतते, पाट रुतत नाही. तोच दहा टनांचा भार मग चौरस सेंटिमीटरला सात किलोंवर येतो. कामावर पाहणी करायची असेल तर गर्डरची जाडी पाहू नका, त्याच्या टोकाखाली काय आहे ते पाहा. तिथे विटेचे तुकडे आणि वाळू-सिमेंट कोंबलेलं दिसलं तर काम थांबवा.

मग इतके लोक गर्डर न टाकता भिंत फोडतात आणि तरी इमारत उभी राहते, ते कसं? वीटकामाला एक अंगभूत खोड आहे. भिंतीत भोक पाडलं की वरच्या विटा आपोआप कमान धरतात. वजन वाट बदलून भोकाच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतं, आणि भोकावर टांगून राहतो तो फक्त एक त्रिकोणी तुकडा. अडीच फुटांच्या दारावर पातळ लिंटेल पुरतो तो यामुळेच. पण या कमानीला तीन गोष्टी लागतात: वर पुरेशी उंच सलग भिंत, दोन्ही बाजूंना तिचा रेटा घेणारी भरभक्कम भिंत, आणि विटांना धरून ठेवणारा जिवंत चुना किंवा सिमेंट. भोक खोलीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं तर एका बाजूला पाय टेकायला जागाच उरत नाही. भोक स्लॅबपर्यंत उंच नेलं तर कमान धरायला विटाच उरत नाहीत. आणि आपल्याला नेमकं तसंच हवं असतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत सलग मोकळं. कमान काही दिवस, काही महिने तग धरते. पावसाळ्यात वरून ओल उतरली, वरच्यांनी नवी फरशी घातली, कुठे ब्रेकर चालला, की भेगा कोपऱ्यांतून तिरप्या वर चढू लागतात. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, हा कसलाच दाखला नव्हे.

नीट काम करणारा गवंडी भिंत एकदम फोडत नाही. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी स्लॅबला लोखंडी प्रॉप देतो, खाली-वर फळ्या घालून, म्हणजे वजन एका फरशीवर येत नाही. मग एका बाजूनं भिंतीच्या निम्म्या जाडीची आडवी खाच काढतो, त्यात लोखंडी चॅनेल बसवतो, वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटनं ठासून भरतो आणि ते घट्ट होऊ देतो. त्यानंतरच दुसऱ्या बाजूची खाच आणि दुसरा चॅनेल. दोन्ही चॅनेल आरपार बोल्टनं आवळले की मग खालची भिंत वरून खाली, थराथरानं उतरवायची. खालून फोडायला सुरुवात करणारा माणूस दिसला तर त्याला बाहेर काढा, तो आधी स्वतःच्याच पायांवर भिंत घेईल. प्रॉप मात्र इंजिनिअर सांगेल तेव्हाच काढायचे. पेंटरला अडचण होते म्हणून नव्हे.

फ्रेमच्या इमारतीत गोष्ट सोपी होते, पण मोकळीक मिळत नाही. काँक्रीट वर्षानुवर्षं भाराखाली सावकाश वाकत राहतं. वीस-तीस वर्षांत वरचा बीम थोडासा खाली येऊन त्या पडदीवर टेकलेला असतो. नकाशात जी नुसती भरणी होती, ती प्रत्यक्षात टेकू झालेली असते. ती काढल्यावर बीम काही मिलिमीटर खाली बसतो, आणि वरच्या घरातल्या नव्या कोऱ्या टाइल्सचा सांधा उकलतो. मग जिन्यात भांडण होतं ते त्या काही मिलिमीटरवरून.

भूकंपाचा मुद्दा याहून मोठा. भरणीच्या भिंती गुरुत्वाचं वजन घेत नसल्या तरी इमारत आडवी हलू लागली की तिला ताठ ठेवतात. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता: वर भिंतींनी भरलेले ताठ मजले, खाली नुसते कॉलम. २००२ च्या सुधारित भूकंप-संहितेत अशा लुळ्या मजल्यांसाठी वेगळे नियम आले. यावरून एका फ्लॅटमधली एक पडदी काढल्यानं इमारत पडते असं कुणी घाबरवत असेल, तर ते खोटं आहे. पण तळमजल्यावरच्या दुकानदारानं किंवा क्लासवाल्यानं चारही भिंती काढून हॉल केला, तर सबंध इमारतीचा तो मजला लुळा होतो. आणि हात कॉलमला लागला तर भूकंपाचीही वाट पाहावी लागत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची चार मजली सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर तेव्हा नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला.

मायवानच्या इमारतीत हा सगळा ऊहापोह नकोच. तिथली काँक्रीटची भिंत काढायची नाही, तिच्यात वायरिंगसाठी खोल खाचही मारायची नाही. छिन्नी मारल्यावर लालसर भुगा न येता करडी कपची उडाली आणि सळई दिसली, तर त्याच क्षणी थांबायचं. काही बिल्डर स्वयंपाकघराची तेवढी एक भिंत मुद्दाम ब्लॉकची ठेवतात, ती काढता येते. ती कोणती, हे ड्रॉइंगमध्येच कळतं.

आता माळा. बाहेरच्या पुस्तकांत याबद्दल काही सापडणार नाही, कारण हा आपल्याकडचा मामला आहे. स्वयंपाकघराच्या दारावर, ओट्याच्या समोर, तीन-साडेतीन इंच जाडीचा काँक्रीटचा माळा असतो आणि त्यावर पितळेची पातेली, परात, जुना कुकर, दिवाळीचे डबे. माळ्याचं पुढचं टोक अधांतरी असतं. मागचं टोक भिंतीत, लिंटेलसोबत ओतलेलं. तो पुढे कलंडत नाही, कारण त्याच्या मागच्या टोकावर भिंतीच्या वरच्या विटांचे थर बसलेले असतात. त्या विटांचं वजनच त्याला दाबून धरतं. आता भिंत वरून खाली उतरवायची म्हटलं की सगळ्यात आधी नेमक्या त्याच विटा निघतात. माळा रिकामा न करता, त्याला खालून टेकू न देता कुणी वरचे थर काढू लागला, तर माळा भांड्यांसकट खाली येतो. भिंतीला माळा असेल तर आधी माळा रिकामा करायचा, मग टेकू, मग माळा कापून काढायचा, आणि भिंतीचा नंबर त्यानंतर. ती पातेली पुढे कुठे ठेवायची, हा प्रश्नही याच वेळी सोडवून टाकावा.

पाडलेल्या भिंतीचं वजन लोकांना खोटं वाटतं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच साडेचार इंची पडदी गिलाव्यासकट दोन टनांच्या वर भरते. म्हणजे पस्तीस किलोंची साठ-पासष्ट पोती राडारोडा. बिगारी तो दिवसभर खोलीच्या मधोमध रचतात, संध्याकाळी लिफ्ट बंद होते, आणि ढीग तिथेच राहतो. घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो चालत्या-फिरत्या वजनासाठी आखलेला असतो. विटांच्या तुकड्यांचा मीटरभर उंच ढीग तेवढ्याच जागेत बाराशे-तेराशे किलोंचा होतो. राडारोडा पसरून, भिंतीच्या कडेला ठेवावा आणि रोजच्या रोज खाली न्यावा.

भिंत गेली की जमिनीवर सहा इंचांचा उघडा पट्टा दिसतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फरश्यांची पातळी अर्ध्या इंचानं वेगळी निघते. पंधरा वर्षांपूर्वीची टाइल बाजारात मिळत नाही. शेवटी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसते आणि पुढची दहा वर्षं अनवाणी पायाला लागत राहते. इंटिरियरच्या रंगीत चित्रात ही पट्टी कधी नसते.

धुराबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण पस्तावणारे बहुतेक इथेच पस्तावतात. पाश्चात्त्य ओपन किचनमध्ये बरंचसं भाजणं ओव्हनच्या बंद दाराआड होतं. आपल्याकडे हिंग-मोहरीची फोडणी, सुक्या मिरचीची खाट, सुकटीचा वास, तळणीचा तेलकट धूर. गरम हवेचा हा लोट शेगडीवरून वर चढताना रुंद होत जातो. चिमणी त्याच्या वाटेत, शेगडीच्या वर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरवर असेल आणि शेगडीपेक्षा रुंद असेल, तरच ती त्याला पकडते. बाजूनं वारा आला की लोट वाकतो आणि चिमणीला चुकवून निघून जातो. भिंत गेल्यावर जेवणाच्या टेबलावरचा पंखा हाच तो वारा देतो, वर गॅसची ज्योतही वाकवतो. त्यात मुंबई-पुण्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून. त्या अंगाला स्वयंपाकाची खिडकी असेल तर चार महिने वारा खिडकीतून आत शिरतो आणि फोडणी थेट सोफ्यावर नेऊन बसवतो. सहा इंची डक्ट, कमीत कमी वळणं आणि सरळ बाहेर, एवढं जमत नसेल तर ओपन किचनच्या फंदात पडू नये. कोळशाची जाळी लावून हवा परत खोलीतच सोडणारी डक्टविना चिमणी आपल्या स्वयंपाकाला शोभेची वस्तू आहे.

गॅसचंही तसंच. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत सरकत जातो. पाइपातला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताशी जमतो. भिंत आणि दार असेपर्यंत गळती त्या एका खोलीत राही. भिंत गेली की सिलिंडरचा वायू सरळ दिवाणखान्यात पसरतो, आणि आपल्या कित्येक घरांत रात्री तिथेच कुणीतरी गादी घालून झोपलेलं असतं. म्हणून सिलिंडर असेल तर जमिनीलगतची झरोक्याची जाळी, पाइप गॅस असेल तर छताजवळची, बुजवू नये. पाइप त्या भिंतीवरून गेला असेल तर तो गॅस कंपनीच्या माणसाकडूनच हलवून घ्यायचा. प्लंबरकडून नाही.

एवढं सगळं पाहून माझं मत असं, की बहुतेक मराठी घरांना भिंत पाडायची नसते, तिच्यात मोठी खिडकी करायची असते. दोन्ही टोकांना दीड-दोन फूट भिंत ठेवावी. कमानीला पाय मिळतो, स्विचबोर्डांना जागा मिळते, इमारतीचा ताठपणाही थोडा टिकतो. खाली ४२ इंचांपर्यंत भिंत ठेवावी. ओटा ३२-३४ इंचांवर असतो, त्यामुळे बाहेर बसलेल्या पाहुण्याला माणसाचा चेहरा दिसतो, खरकटी कढई दिसत नाही. या खालच्या भिंतीवर ग्रॅनाइट टाकलं की वाढपाला जागा झाली. वरच्या मोकळ्या भागाला फ्रँकफर्टच्या दारासारखी सरकती काच: तळण असलं की ओढायची, एरवी उघडी. मिक्सर लावायचा असला आणि बाहेर कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू असली, तरी हीच काच वाचवते. जमिनीची पट्टी, राडारोडा, गर्डरची लांबी, सगळंच कमी होतं, आणि उजेड मात्र जवळजवळ तेवढाच मिळतो. सगळी भिंत काढलेलं घर फोटोत जास्त मोठं दिसतं, हे मान्य.

कागदपत्रांचं थोडक्यात. सोसायटीची लेखी परवानगी आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं पत्र काम सुरू होण्याआधी हातात हवं. महापालिकेत काय कळवावं लागतं, तेही त्याच इंजिनिअरला विचारावं. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि त्या वेळी कुणी कुठली भिंत काढली ते उघड होतंच. इमारत नवी असेल तर रेराच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. आपण भिंती फोडल्या की ती झटकायला त्याला आयतं निमित्त मिळतं. काम झाल्यावर गर्डरचे, ठोकळ्यांचे आणि नव्या वायरिंगचे फोटो गिलावा होण्याआधी काढून फाइलमध्ये ठेवा. उद्या घर विकाल तेव्हा ते लागतील.

आणि इंजिनिअरची फी वाचवण्यासाठी कंत्राटदार "काही होत नाही साहेब, अशा शंभर भिंती काढल्यात" असं म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. तेच वाक्य कागदावर लिहून सही करायला सांगा, आणि तो काय करतो ते पाहा.